एकच तक्ता दोघांना नको

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा एक सांगतात, तू मधेच दुसरं सांगतेस आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहून पाठवते आहे. आई, आधी तुझ्याशी बोलते. तू परवा म्हणालीस, "दोघं तेच खातो, तेवढंच खातो. ह्यांचं तीन किलो उतरलं आणि माझं जेमतेम एक. माझ्याच्यानं नाही होत बाई." आणि मग आवाज खाली आणून सांगितलंस, की आता रात्रीचं जेवणही सोडलं आहेस. तेव्हापासून मला चैन नाही. तुमची वयं, उंच्या, वजनं घेऊन मी हिशेब मांडला. आई, तू कुठंही कमी पडलेली नाहीस. तुम्ही दोघं पाळता तो रोजच्या १२०० कॅलरींचा आहाराचा तक्ता बाबांना फार कडक आहे, आणि तुझं वजन त्यावर इतकंच सावकाश उतरणार होतं.

हिशेब इथेच करून दाखवते, म्हणजे बाबांना वहीत पडताळून पाहता येईल. आपण दिवसभर नुसते पडून राहिलो तरी हृदय, मेंदू, यकृत, फुप्फुसं चालू असतात आणि त्यांना ऊर्जा लागते. ती किती, याचं एक सूत्र मिफ्लिन आणि सेंट जिओर यांच्या नावानं १९९० सालापासून वापरात आहे आणि आहारतज्ज्ञ आजही तेच जास्त वापरतात. वजनाच्या किलोंना १० नं गुणायचं, उंचीच्या सेंटिमीटरांना ६.२५ नं, दोन्हींची बेरीज करायची, त्यातून वयाची पाचपट वजा करायची. पुरुष असेल तर शेवटी ५ मिळवायचे, बाई असेल तर १६१ वजा करायचे.

बाबा, तुमचं वजन ८२, उंची १६८, वय ६८. म्हणजे ८२० अधिक १०५० वजा ३४० अधिक ५, एकूण १५३५. आई, तुझं ७०, १५४ आणि ६४. तुझे येतात साधारण ११८१. इथेच साडेतीनशेचा फरक पडला, आणि अजून कुणी पाऊलही टाकलेलं नाही.

आता हालचालीचा गुणक. बहुतेक वेळ बसून असणाऱ्याला १.२, हलकी हालचाल असेल तर १.३७५, आठवड्यात बरेच दिवस नीट व्यायाम असेल तर १.५५. बाबा रोज सकाळी नेमानं फिरतात, त्यांना १.३७५ लावला. आई, तू घरात दिवसभर उभी असतेस हे मला माहीत आहे, पण गुडघ्यामुळे बाहेर चालणं बंद झालंय, म्हणून तुला मधला १.३ धरला. बाबांची रोजची गरज निघाली २११० च्या आसपास. तुझी १५३५.

आता दोघांनीही १२०० खाल्ले तर? बाबांना रोज ९१० ची तूट, तुला ३३५ ची. एक किलो चरबीत ढोबळमानानं ७७०० कॅलरी असतात. त्या मापानं बाबांचं आठवड्याला आठशे ग्रॅम उतरेल आणि तुझं तीनशे. शिवाय खाणं एकदम कमी केलं की पहिल्या दिवसांत शरीरातली साठवलेली साखर वापरली जाते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं. बाबांच्या तीन किलोंत हे पाणी बरंच आहे. बाबा, तुमची मेहनत खरीच आहे, पण काट्यावर दिसतो तो सगळा आकडा चरबीचा नसतो.

बाबांनी पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो मी पुन्हा पाहिला. तारखा, तुमच्या रकान्यात लाल शाईनं घट, आणि आईच्या रकान्यात ओळीनं आडव्या रेघा. बाबा, रोज वजन करून त्या रेघा ओढू नका. मीठ, पोट साफ होणं, पाणी, एवढ्यानंच वजन एका दिवसात किलोभर इकडंतिकडं होतं. तीनशे ग्रॅमची खरी घट त्यात दिसणारच नाही. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी वजन करा, आठवड्याची सरासरी काढा आणि ती सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून बघा. निदान तीन-चार आठवडे झाल्याशिवाय कुणाचं काही चुकतंय असं ठरवू नका.

"रोज पाचशे कॅलरी कमी करा" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तरुण, उंचपुऱ्या माणसाला तो चालतोही. पण आई, तुझ्या १५३५ मधून पाचशे काढले तर उरतात १०३५. बायकांनी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय १२०० च्या खाली जाऊ नये असं साधारण मानलं जातं, आणि रात्रीचं जेवण सोडून तू आज बहुधा त्याच्या बरीच खाली आहेस. इतक्या थोड्या अन्नात प्रथिनं, कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्वं पुरेशी बसवणं जवळपास अशक्य आहे. अन्न कमी पडलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडतं. तरुण माणूस ते स्नायू परत कमावतो, साठीनंतर ते फार जड जातं. तुला जिना चढायला, जमिनीवरून उठायला, तोल सावरायला जे बळ लागतं ते ह्याच स्नायूंचं. काट्यावर दोन किलो कमी दिसले आणि पायातलं बळ गेलं, असं वजन उतरलेलं मला नको आहे.

बाबा, तुम्हाला हल्ली थंडी वाजते, चिडचिड होते आणि दुपारपासून जेवणाचेच विचार येतात, हे आईनं सांगितलं. त्याचं कारण तुमच्या स्वभावात शोधू नका. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण, निरोगी पुरुषांना जवळपास सहा महिने गरजेच्या साधारण निम्म्या अन्नावर ठेवलं होतं. त्यांनाही सतत थंडी वाजायची, उत्साह गेला, चिडचिड वाढली, डोक्यात दिवसभर खाण्याशिवाय काही राहिलं नाही. तुम्ही तुमच्या गरजेच्या सत्तावन्न टक्क्यांवर आहात. ते सगळे तरणेताठे होते, तुम्ही अडुसष्ट वर्षांचे.

म्हणून माझं म्हणणं असं. बाबांनी १७०० वर यावं. तूट चारशेची राहील आणि आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास उतरेल. आईनं १२५० ते १३०० खावं, रात्रीच्या जेवणासकट. तुझी तूट अडीचशेच्या घरात राहील, म्हणजे महिन्याला साधारण एक किलो. कमी वाटेल, पण मूळ वजनाच्या पाच टक्के उतरलं तरी रक्तदाब आणि साखरेवर चांगला परिणाम दिसू लागतो. आई, तू ७१ वरून सुरुवात केलीस, तुझे पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. त्यातलं एक झालंय. गुडघ्यांचा झिजेचा त्रास असलेल्या जाड माणसांच्या अभ्यासात असं आढळलं आहे की एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. तू उतरवलेल्या एका किलोची किंमत ही आहे.

हे आकडे म्हणजे अंदाज आहेत, हेही सांगते. सूत्रातून आलेलं उत्तर एखाद्याला दहा टक्क्यांनी कमी-जास्त असू शकतं. महिनाभरानं बाबांचं वजन अपेक्षेपेक्षा भराभर उतरत असेल तर शंभर-दीडशे वाढवायचे, अजिबात हललं नाही तर तेवढेच कमी करायचे. आईच्या बाबतीत मात्र खाणं कमी करायचं नाही, हालचाल वाढवायची. आणि वजन उतरलं की गरजही उतरते. बाबांच्या बाबतीत प्रत्येक किलोमागे रोजच्या चौदा-एक कॅलरी. म्हणून चार-पाच किलो उतरले की हिशेब नव्यानं करायचा. "आधी उतरत होतं, आता थांबलं" याचं एक कारण हेच असतं.

आई, तू म्हणालीस की चाळिशीतच शरीर मंदावलं. २०२१ साली सहा हजारांवर लोकांच्या मोजमापांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, अगदी तान्ह्या बाळांपासून नव्वदी पार केलेल्यांपर्यंत. त्यात दिसलं की शरीराच्या आकारमानाचा विचार केला तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास तसाच राहतो. खरी उतरण साठीनंतर लागते, वर्षाला एका टक्क्याहूनही कमी. तेव्हा मागच्या वीस वर्षांचा दोष स्वतःला लावून घेऊ नकोस.

आता ताटाबद्दल. प्रत्येक घास मोजत बसावं असं मला मुळीच वाटत नाही, पण तेल मोजा. पिठूळ पदार्थ, साखर आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅममधून चार कॅलरी मिळतात, तेला-तुपातून नऊ. आई, तू बाटली तिरपी करून हाताच्या अंदाजानं तेल सोडतेस. एक छोटा चमचा म्हणजे चाळीस कॅलरी, मोठा चमचा म्हणजे एकशेवीस. हात जरासा रेंगाळला की तुझ्या दिवसाच्या तुटीतला जवळपास अर्धा हिस्सा तिथेच भरून निघतो, आणि ताटात ते दिसतही नाही. बाटलीशेजारी एक मापाचा चमचा ठेव आणि त्यानंच घाल. चहातली साखरही एकदा मोजून बघा. बाकी अर्धं ताट भाज्यांनी भरा.

प्रथिनांकडे मात्र नीट लक्ष द्या. या वयात रोज वजनाच्या किलोमागे निदान एक ते १.२ ग्रॅम असावीत असं तज्ज्ञ सांगतात. आईला सत्तरच्या पुढे, बाबांना ऐंशीच्या पुढे. कडधान्यं, दूध-दही, अंडी, जे तुम्हाला रुचतं आणि पचतं ते, पण तिन्ही वेळच्या जेवणात थोडं थोडं. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर हे प्रमाण बदलतं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा.

आणि स्नायूंना काम द्या. बाबांचं फिरणं चांगलंच आहे, पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६५ वर्षांवरील जाड माणसांना वजन उतरवताना वेगवेगळे व्यायाम दिले होते. चालण्यासारखा व्यायाम आणि ताकदीचा व्यायाम दोन्ही करणाऱ्यांची शारीरिक क्षमता सगळ्यांत जास्त सुधारली. घरी सुरुवात करायला खुर्ची पुरे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. आई, तुला हात टेकावे लागले तर टेक, गुडघा दुखला तर थांब, आणि फिजिओथेरपिस्टना एकदा दाखवून घे. सपाट रस्त्यावर दहा-दहा मिनिटं चाललीस तरी चालेल. अर्ध्या तासाच्या चालण्यात तुझ्या वजनाला जेमतेम शंभर कॅलरी जातात, पण पाय मजबूत होतील, ते मला जास्त मोलाचं वाटतं. बाबा, घड्याळावर दिसणाऱ्या जळलेल्या कॅलरींवर फार विसंबू नका, ती यंत्रं बरीच चुकतात. त्या आकड्याच्या भरवशावर जास्तीचं खाऊ नका.

सगळ्यांत निकडीची गोष्ट बाबांच्या गोळ्यांची. साखरेच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन, आपण कमी खाल्लं तरी साखर खाली ओढतच राहतात. तुमच्या चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड आहे, ती त्यातलीच. घाम फुटणं, हातापायांना कंप, गोंधळल्यासारखं होणं ही साखर उतरल्याची लक्षणं. असं झालं तर लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्या, तेव्हा कॅलरींचा विचार करू नका. वजन उतरलं की रक्तदाबाच्या गोळीचा डोसही गरजेपेक्षा जास्त ठरू शकतो. उठताना चक्कर येत असेल तर ते एक कारण असू शकतं. गोळ्या मनानं बंद किंवा कमी करू नका. डॉक्टरांना सांगा, "मी खाणं कमी केलंय, एवढं वजन उतरलंय, डोस तपासायचा का?" याच आठवड्यात वेळ घ्या. आई, तूही बरोबर जा आणि जेवण सोडत होतीस ते त्यांना स्पष्ट सांग.

बाबा, वहीत आता दोन वेगळी पानं करा. तुमच्या पानावर १७००, आईच्या पानावर १२५० ते १३०० लिहा, आणि तो जुना तक्ता काढून टाका. रविवारी फोन करेन तेव्हा वजन विचारणार नाही. डॉक्टर काय म्हणाले आणि आई रात्री काय जेवली, तेवढं सांगा.

तुमची,
लेक