विषय : लाईट गेल्यावर सर्व्हर झोपत नाही, आणि दोष आमच्या अर्थिंगचा नाही

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

लातूरला माझं सराव परीक्षा केंद्र आहे. दोन हॉल, रोज नीटचे सराव पेपर. आपल्या कंपनीचा 16 कोअर, 32 थ्रेडचा सर्व्हर मी गेल्या वर्षी घेतला, तो माहितीपत्रकातल्या एका ओळीमुळे : ‘वीज गेली तरी परीक्षा तिथूनच पुढे’. यूपीएस बॅटरीवर गेला की मशीन मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून झोपणार, लाईट आली की पोरं ज्या प्रश्नावर थांबली तिथून सुरू. आमच्याकडे लाईटचा भरवसा किती ते आपण जाणता, म्हणून चार पैसे जास्त मोजले.

एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस आला आणि भर पेपरात लाईट गेली. 180 प्रश्नांचा पेपर, 84 मुलं, बहुतेकांचं फिजिक्स उरकून बायोलॉजी चाललेली. सर्व्हरने झोपायचा प्रयत्न केला, मध्येच सोडून दिला आणि जागाच राहिला. आम्ही समजलो झोपला. 22 मिनिटांनी बॅटरी संपली आणि डबा धाडकन बंद. डेटाबेस बिघडला, 84 मुलांची उत्तरं गेली. पालकांना काय सांगायचं ते मला सांगावं लागलं, आपल्याला नाही.

आपल्या हेल्पलाईनवरच्या मुलाने तीनदा एकच सांगितलं, “सर, अर्थिंग चेक करून घ्या.” घेतलं. आमचे वायरमन मामा मीटर लावून म्हणाले, “अर्थिंग बराबर हाय सर. ह्यांच्या डब्यातच काय तरी गडबड दिसायली.” चौथ्या फोनला यूपीएस बदलायला सांगितला. तोही बदलला. तेव्हा मी सर्व्हरला स्क्रीन जोडून शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि मुद्दाम मेन स्विच पाडला. स्क्रीनवर आलेल्या ओळीचा मोबाईलवर काढलेला फोटो सोबत आहे : ‘सीपीयू 31 डिसेबल फेल्ड : सीपीयू हॅज 96 व्हेक्टर्स असाइन्ड अँड देअर आर ओन्ली 11 अव्हेलेबल’.

मी नांदेडला इंजिनिअरिंग केलंय आणि काही वर्षं ऑपरेटिंग सिस्टिम शिकवलीय, त्यामुळे ही ओळ मला कळली. आपल्या तंत्र विभागातही ती कुणाला तरी कळत असेलच, पण माझी तक्रार तिथवर पोचलेलीच दिसत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कार्ड, डिस्क, कीबोर्ड यांपैकी कुणालाही प्रोसेसरचं लक्ष वेधायचं असेल तर ते इंटरप्ट पाठवतात, आणि प्रत्येक इंटरप्टसोबत एक नंबर जातो. तोच व्हेक्टर. आपल्या मशीनमधल्या प्रोसेसरला असे 256 नंबर आहेत, 0 ते 255. पैकी 0 ते 31 प्रोसेसरच्या स्वतःच्या अडचणींसाठी राखीव : शून्याने भागलं, मेमरीतलं पान सापडलं नाही, वगैरे. 128 नंबर लिनक्सने, म्हणजे या मशीनवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमने, जुन्या सिस्टिम कॉलसाठी (प्रोग्रामने सिस्टिमकडे काम मागण्यासाठी) अडवलेला. वरच्या टोकाचे काही टायमरला आणि प्रोसेसरांच्या आपापसातल्या निरोपांना. म्हणजे उपकरणांसाठी एका प्रोसेसरमागे साधारण 200 उरतात.

आता आपलं मशीन बघू. चार पोर्टची दोन नेटवर्क कार्डं. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, प्रत्येक प्रोसेसरसाठी एक (32 थ्रेड म्हणजे लिनक्सच्या लेखी 32 प्रोसेसर) आणि वरकामाला एक, असे एका पोर्टमागे 33 व्हेक्टर मागतो. आठ पोर्टांचे झाले 264. डिस्कचे आणखी 33. हे 32 प्रोसेसरांत वाटलं तर काहीच नाही, कारण प्रत्येकाचा नंबरांचा संच स्वतंत्र असतो. पण झोपायला निघताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एकेक करून 31 प्रोसेसर बंद करतो आणि प्रत्येकाचे चालू इंटरप्ट उरलेल्यांकडे सरकवतो. शेवटी सगळ्यांनी शून्य नंबरच्या प्रोसेसरच्या खोलीत मावायचं असतं. तिथं जागा 200 ची. 31 नंबरच्या प्रोसेसरच्या अंगावर उरलेले 96 घेऊन कर्नल दारात उभा राहिला, आत मोकळे 11. त्याने झोपणंच रद्द केलं. कर्नलचं यात चुकलं नाही. तसंच रेटून झोपला असता तर काही इंटरप्ट बेवारस झाले असते.

माझी खरी तक्रार याच्या पुढची आहे. आठ पोर्टांपैकी मी वापरतो दोन. सहा पोर्टांत वायरसुद्धा नाही. तरी त्यांचे 198 व्हेक्टर मशीन सुरू होतानाच वाटून टाकलेले असतात, तेही बहुतेक पहिल्या प्रोसेसरवर. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं. तेव्हा टँकरपुढच्या रांगेत घागरी असायच्या, माणसं कमी. ज्याच्या घरी कुणी नाही त्याचीही घागर रांगेत, आणि मागे लेकरू घेऊन उभी असलेली बाई कोरडी परत. आपल्या कर्नलने तेच केलंय.

खात्री करायला मी एक कार्ड काढून ठेवलं. उरले चार पोर्टांचे 132 आणि डिस्कचे 33, एकूण 165. मेन स्विच पाडला. 40 सेकंदांत मशीन शांत झोपलं आणि लाईट दिल्यावर पेपर त्याच प्रश्नावर उघडला. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा. कार्ड परत बसवून दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा तीच ओळ. अर्थिंग पाचही वेळा तेच होतं!

यावर आपल्या वरिष्ठ इंजिनिअरांचं उत्तर आलं की व्हेक्टर हार्डवेअर ठरवतं, आमच्या हातात काही नाही. हे वाचून मात्र मला राग आला. असले इंटरप्ट म्हणजे कार्डाने ठरलेल्या पत्त्यावर लिहिलेला एक आकडा असतो. त्या आकड्याच्या शेवटच्या आठ बिटांत व्हेक्टर असतो, आणि तो तिथं कर्नलच भरून देतो. अहो, 1981 च्या आयबीएम पीसीतसुद्धा इंटरप्ट 8 ते 15 या नंबरांवर बसवलेले होते. ती जागा इंटेलने राखून ठेवलेली, म्हणून पुढे प्रोटेक्टेड मोडमध्ये (प्रोग्रामांची मेमरी एकमेकांपासून वेगळी राखणाऱ्या पद्धतीत) चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम सुरुवातीलाच ते उचलून वर नेऊन ठेवू लागल्या. तेव्हापासून हे वाटप सॉफ्टवेअरचंच काम आहे.

शिवाय या दुखण्यावर औषध निघून कैक वर्षं झाली. लिनक्स कर्नल लिहिणाऱ्यांपैकी एक, थॉमस ग्लाइक्सनर यांनी लिनक्समधली व्हेक्टरवाटपाची पद्धत नव्याने लिहिली आणि ती जानेवारी 2018 मध्ये आलेल्या 4.15 कर्नलमध्ये आहे. त्यात ड्रायव्हरने नुसती मागणी केली तर फक्त नोंद होते. खरा नंबर मिळतो तो इंटरप्ट प्रत्यक्ष सुरू करताना, म्हणजे रिकाम्या पोर्टाची घागर रांगेत येत नाही. कार्डातल्या कामाच्या ज्या रांगा (क्यू) एकेका प्रोसेसरला बांधलेल्या असतात, त्यांचे इंटरप्ट तो प्रोसेसर बंद झाल्यावर दुसऱ्याच्या गळ्यात न पडता तिथंच थांबतात. आपल्या मशीनवर मात्र सुरू होताना 4.9 दिसतं, जे डिसेंबर 2016 चं आहे आणि ज्याची देखभालही जानेवारी 2023 मध्ये थांबली. वर्षभरात आपले दोन अपडेट आले. त्यात लोगो बदलला, रंग बदलला, कर्नल तोच.

तेव्हा मागणी अशी, की 4.15 नंतरचा, सध्या देखभाल चालू असलेला कर्नल या मशीनसाठी 15 दिवसांत द्यावा. तोवर ड्रायव्हरने किती व्हेक्टर मागायचे ते ठरवण्याची मुभा तरी द्या. ती सेटिंग आपण कुलूपबंद ठेवलीय आणि रूट पासवर्ड (मशीनचे सगळे अधिकार देणारा) आम्हाला देत नाही. डेटाबेस दुरुस्तीचा, यूपीएसचा आणि 84 मुलांच्या फेरपरीक्षेचा खर्च भरून द्यावा, बिलं जोडली आहेत. झोपण्याचा प्रयत्न फसला तर आपला प्रोग्राम साधी शिट्टीही वाजवत नाही, तेवढं तर आपण आठवड्यात करू शकता. बॅटरी शिल्लक असताना कळलं असतं तर मी हाताने नीट बंद केलं असतं.

उत्तर आलं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. लातूरचा आयोग माझ्या केंद्रापासून दहा मिनिटांवर आहे, आणि कागद तयार आहेत.

आपलं दुसरं कार्ड सध्या माझ्या कपाटात आहे. त्याचे पैसे बिलात लावलेले आहेत, ते ठेवायचं की परत पाठवायचं तेही कळवावं.

आपला,
सराव परीक्षा केंद्र चालक, लातूर

सोबत : स्क्रीनचा फोटो, पाच चाचण्यांच्या वेळा, वायरमनचा दाखला, बिलांच्या प्रती