गळतीचा फोटो मिळणार नाही, माणूस पाठवा

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग
प्रत: व्यवस्थापकीय संचालक

विषय: जमिनीखालच्या लूपमधली गळती, आणि ती न शोधताच बंद केलेली माझी तक्रार

महोदय,

आज दुपारी माझी तक्रार पुन्हा एकदा बंद झाली. कारण: 'ग्राहकाकडून गळतीचा फोटो प्राप्त झाला नाही.' त्याखाली लगेच पाच तारे, आमची सेवा कशी वाटली म्हणून. ताऱ्यांत मावत नाही, म्हणून लिहितो आहे.

यंत्रणा तुमचीच, खोल्यांतली उष्णता जमिनीखालच्या पाइपांत, म्हणजे लूपमध्ये, नेऊन सोडणारा हीट पंपचा एसी, त्यामुळे ती जास्त समजावून सांगत बसत नाही. विजापूर रोडवरचं मंगल कार्यालय. लॉनखाली 100 मीटर खोल 12 बोअर, त्यांत 32 मिमीचा एचडीपीई, म्हणजे टणक प्लास्टिकचा पाइप, तळाला यू-बेंड, वरून बेंटोनाइट मातीचं ग्राउट, म्हणजे भरण. चेंबरमध्ये प्रत्येक बोअरच्या सर्किटला जाण्या-येण्याचे दोन वेगळे व्हॉल्व्ह. या लूपवर वधू-वरांच्या खोल्या आणि साखरपुडा-बारशाचा छोटा हॉल चालतो, म्हणजे चालत होता. ड्रॉइंग तुमच्या इंजिनियरच्या सहीचं आहे. ते तुमच्या ऑफिसात सापडत नाही म्हणून माझ्याकडे मागितलं, मी पाठवलं. मग पुन्हा मागितलं.

दुखणं असं. प्रेशर 2 बार असायला हवं. तुमचा माणूस येतो, ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून घालतात ते रसायन) भरतो, काटा 2 वर नेतो, सही घेतो, जातो. आठवडा सरायच्या आत काटा शून्याला टेकतो. मग लाइनीत हवा, पंपात खडखड, आणि ऐन दुपारी हीट पंप 'हाय प्रेशर' दाखवून बसकण मारतो. पुन्हा फोन, पुन्हा कॅन, पुन्हा बिल. तुमच्या लेखी ही दुरुस्ती आहे.

पुण्याहून आलेले साहेब म्हणाले, एचडीपीई ताणतो, उन्हाळ्यात प्रेशर उतरणारच. नवा पाइप ताणतो, लूप तापला की काटा थोडा उतरतो, हे मलाही मान्य आहे. पण हा तिसरा उन्हाळा आहे. आणि ताणलेला पाइप कॅनच्या कॅन पिऊन टाकतो, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. शेवटी मी आणि माझ्या इलेक्ट्रिशियनने रात्री पंप बंद करून मेन व्हॉल्व्हवर आतली बाजू आणि जमिनीकडची बाजू वेगळी केली. सकाळी वॉचमन सांगत आला, "मालक, आतला काटा हाय तिथंच हाय, भायेरचा पार झोपला की ओ." त्याचा पगार मी देतो, पण गळती जमिनीकडेच आहे, हे त्याचं निदान तुम्हाला फुकट. घ्या.

आता तो फोन. रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, 'गुणवत्तेसाठी' करता म्हणे. तरी मी लिहितो, कारण तुमच्यापैकी कुणी ते ऐकलं असेल असं वाटत नाही.

तुमचा कॉल सेंटरचा मुलगा: "सर, गळती नेमकी कुठे दिसते?"
मी: "दिसत नाही. जमिनीखाली आहे."
"ओके सर. मग ॲपवर गळतीचा फोटो टाका."
"अहो, जमिनीखाली आहे."
"हो सर. जवळून काढा, फोटो हललेला चालत नाही."

मी शांतपणे सांगितलं की पाइप आधी चार फूट काळ्या मातीखाली आडवा जातो आणि पुढे कातळात शंभर मीटर उभा उतरतो. तो म्हणाला, "मी समजू शकतो सर." मग विचारलं, "तेवढी जागा खोदून फोटो काढता येईल का?" मी म्हटलं, कुठली जागा ते शोधण्यासाठीच तर तुम्हाला बोलावतोय. त्याने मला होल्डवर ठेवलं. बासरी ऐकवली. बराच वेळ. परत आल्यावर आवाजात एकदम अधिकार: "सर, सीनियरशी बोललो. ग्राहकाने स्वतः खोदकाम केलं तर लूपची वॉरंटी रद्द होते."

"म्हणजे खोदू नको."
"नाही सर."
"मग फोटो?"
"फोटो कंपल्सरी आहे सर."

दोन्ही वाक्यं एकाच दमात. मला वाटलं आता तरी त्याला हसू फुटेल. नाही. थोड्या वेळाने त्यालाच माझी दया आली असावी. म्हणाला, "सर, नसेल जमत तर आउटडोअर युनिटचा फोटो टाका, मी ॲडजस्ट करतो."

साहेब, या यंत्रणेला आउटडोअर युनिट नसतं. गच्चीवर आउटडोअर लागत नाहीत, बाहेर 43 अंश असले तरी खालची जमीन 27-28 वरच राहते, हे तुमच्याच सेल्सवाल्याने माझ्या ऑफिसात चहा पीत तासभर सांगितलं, आणि त्याच जोरावर नेहमीच्या एसीपेक्षा कितीतरी जास्त पैसे घेतले. आपल्या मालाला काय असतं आणि काय नसतं, एवढं तरी फोनवरच्या माणसाला सांगून ठेवा. वैतागून मी लॉनचा फोटो टाकला. ॲपचं उत्तर: 'फोटोमध्ये उत्पादन दिसत नाही.' बरोबर आहे. नाहीच दिसत.

लूप टाकताना मात्र तुमचे लोक ड्रोन घेऊन आले होते. उघडे चर, पाइपची वेटोळी, बोअरची गाडी, सगळ्याचे फोटो काढले, आणि ते अजून तुमच्या माहितीपत्रकाच्या कव्हरवर आहेत. त्यातलाच एक अपलोड करून टाका.

एकदा एक टेक्निशियन खरोखर चेंबरपर्यंत पोचला. बाजूची माती बोटाने उकरली, एल्बोजवळ ओल आहे म्हणाला आणि खिशातून एम-सील काढलं. एचडीपीईवर एम-सील धरत नाही, हे डाळिंबाच्या बागेत ठिबक टाकणारं पोरगंही सांगेल. उसाला पाइपलाइन टाकणारे आमच्याकडचे लोक दोन्ही टोकं तापवून, वितळवून जोडतात. तुमच्या माणसाकडे तसं जोडायचं फ्यूजन मशीन तर सोडाच, टेस्ट पंपही नव्हता. होता फक्त ग्लायकॉलचा कॅन. आणि बिलबुक.

ग्लायकॉलचं एकदा सांगाच. सोलापुरात गोठणार काय आहे? थंडीतही माझा लूप शून्य अंशाच्या आसपास फिरकत नाही, हॉलला हीटिंग मी कधी लावलेलं नाही. गंज न धरणारं औषध घातलेलं साधं पाणी का चालत नाही, याचं उत्तर कुणीच देत नाही. आणि हे भरलेलं सगळं जातं कुठे? लॉनच्या कडेला माझी पाण्याची बोअर आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे वापराचं पाणी त्याच बोअरचं. कॅनवर फक्त 'हीट ट्रान्सफर फ्लुइड' छापलंय. आत इथिलिन ग्लायकॉल आहे की प्रॉपिलिन? इथिलिन विषारी असतं, हे तुम्हाला माझ्याआधी माहीत असणार. आत काय आहे ते सांगणारी सेफ्टी डेटा शीट मागितली, तर मिळालं काय? नवा तक्रार क्रमांक. तेव्हापासून आचाऱ्यांना त्या बोअरच्या पाण्याला हात लावू देत नाही, स्वयंपाकाला टँकर मागवतो. त्याची बिलं जोडली आहेत.

ऐन लग्नसराईत एका साखरपुड्याला हॉल बंद पडला. भाड्याने जम्बो कूलर आणले. त्यांच्या घरघरीत भटजींचे मंत्र माइकवरही ऐकू येईनात, आणि समोरच्या रांगेतल्या बायकांनी पत्रिकांचे पंखे केले. मुलाच्या मामांनी मला स्टेजमागे नेऊन विचारलं, "एसी हॉलचे पैसे घेतलाव, एसी कुठं ठेवलाव?" पैसे परत केले. ते मामा ज्या ज्या लग्नाला जातील तिथे हे सांगणार, त्याची भरपाई कुठल्या कॉलममध्ये लिहू?

करायचं काय ते तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या माणसांना नाही, म्हणून लिहून देतो. एकेका सर्किटचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून पाण्याच्या दाबाने टेस्ट करा. ज्याचं प्रेशर धरत नाही ते गळकं. ते बंद करून उरलेल्या अकरांवर यंत्रणा लगेच चालू होईल, थोडं कमी गार होईल, पण होईल. मी हे स्वतः केलं असतं, पण त्या व्हॉल्व्हना तुमचं सील आहे, आणि सील तोडलं तरी वॉरंटी रद्द. नंतर गळती आडव्या चरात निघाली तर 5 टक्के हायड्रोजन आणि 95 टक्के नायट्रोजनचं मिश्रण भरून वरून सेन्सर फिरवा, जिथे वाजेल तिथेच खोदा, तेवढा तुकडा कापून विजेने तापवून जोडायचा इलेक्ट्रोफ्यूजन कपलर घाला. उभ्या बोअरमध्ये निघाली तर ग्राउट केलेला पाइप वर निघत नाही, हे मलाही कळतं. ते सर्किट कायमचं बंद करा आणि हंगाम संपल्यावर नवा बोअर मारून द्या, तुमच्या खर्चाने. पाइपला 50 वर्षांची वॉरंटी आहे. 'जॉइंट त्यात येत नाही' असं आता सांगताय. जॉइंट काय मी मारले?

सात दिवसांत हे झालं नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करतो. 2019 च्या कायद्याने ती मी राहतो तिथेच करता येते, तुमच्या हेड ऑफिसच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. 'व्यावसायिक वापर, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही,' हे तुमचे वकील म्हणतील. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला त्याच कायद्यात सूट आहे. कार्यालय मी आणि माझी बायको चालवतो, तेही आयोगाला दाखवू. नुकसानीत हॉलचा परतावा, कूलरचं भाडं, टँकर आणि ग्लायकॉलचा प्रत्येक कॅन धरणार आहे. होय, ग्लायकॉल पुन्हा लिहिलंय, कारण तुम्ही ते पुन्हा पुन्हा भरलंय.

तुमची यंत्रणा बघायला मी गावातले बिल्डर, डॉक्टर स्वतः बोलावून आणले होते. त्यातल्या एका डॉक्टरांचा हॉस्पिटलसाठीचा विचार पक्का होत आला होता. परवा त्यांनी फोन करून विचारलं, आणि मी खरं ते सांगितलं.

येणाऱ्या माणसाजवळ टेस्ट पंप, फ्यूजन मशीन आणि सील तोडायची लेखी परवानगी असावी. नुसता कॅन घेऊन आला तर गेटवरूनच परत जाईल, वॉचमनला तसं सांगून ठेवलं आहे.

आपला,
मालक, मंगल कार्यालय
विजापूर रोड, सोलापूर

सोबत: लूपचं ड्रॉइंग (तिसऱ्यांदा), ग्लायकॉलची बिलं, टँकर व कूलरच्या पावत्या, लॉनचा फोटो