नाळ जिथं पुरली तिथं

गॅलप, न्यू मेक्सिको
ऑक्टोबर २०२५

ति. आई आणि दादा यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, रविवारी फोन मध्येच कट झाला आणि तुझा प्रश्न तसाच राहिला. "पाणी एवढं विषारी आहे, तर ती माणसं उठून दुसरीकडं का जात नाहीत गं?" दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही ते, म्हणून लिहायला बसले.

आमच्या दवाखान्यात येणारे बहुतेक पेशंट नवाहो, म्हणजे इथले अमेरिकेतले मूळ आदिवासी. ते स्वतःला 'दिने' म्हणतात. त्यांचा मुलूख तीन राज्यांत पसरलाय, जवळजवळ ७१,००० चौरस किलोमीटर. आपले पुणे, सातारा, सोलापूर, नगर आणि नाशिक एकत्र धरले तर साधारण तेवढा. याच मातीतून १९४४ ते १९८६ या काळात सुमारे ३ कोटी टन युरेनियमचं खनिज निघालं, सुरुवातीला सगळं अणुबाँबसाठी. खाणवाले निघून गेले आणि पाचशेहून जास्त खाणी तशाच सोडून गेले.

दादा, खाणीत उतरणाऱ्यांना मास्क नव्हता, आत धड हवा नव्हती. तहान लागली की भिंतीतून झिरपणारं पाणी प्यायचे. त्या दगडातून रेडॉन नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो श्वासाबरोबर आत जातो आणि त्याचे कण फुप्फुसात बसून राहतात. जन्मात विडी न ओढलेली माणसं फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेली. सरकारी डॉक्टर १९५० पासून त्यांची तपासणी करत होते, पण धोका काय आहे हे त्यांनी त्या माणसांना सांगितलंच नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मीही रोज पेशंटचं रक्त काढते, आणि ते कशासाठी हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे.

धूळ घरीही यायची. नवऱ्याचे कपडे बायका लेकरांच्या कपड्यांबरोबरच हातानं धुवायच्या. काहींनी खाणीचेच दगड आणून घरं बांधली. पावसाचं पाणी साठलेल्या खाणीच्या खड्ड्यांवर मेंढरं पाणी प्यायची.

१६ जुलै १९७९ ला पहाटे इथून जवळच चर्च रॉकला युरेनियमचं खनिज दळणाऱ्या गिरणीच्या गाळाच्या तळ्याचा बांध फुटला. ११०० टन गाळ आणि ३५ कोटी लिटर आम्लयुक्त, किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेलं. ती नदी याच गावातून जाते. मी रोज तिच्यावरचा पूल ओलांडते.

अजूनही तीसेक टक्के घरांत नळ नाही. लोक पिकअपमध्ये पिंपं टाकून मैलोन्‌मैल पाणी आणायला जातात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपला माण तालुका आठवला, टँकरमागं हंडा घेऊन पळणारी तू आठवलीस. फरक एवढाच की आपल्याकडं विहीर आटते, आणि इथल्या काही विहिरींत पाणी असतं, स्वच्छ दिसतं, पण त्यात युरेनियम आणि आर्सेनिक असतं. पोटात गेलेलं युरेनियम किरणांपेक्षा आधी जड धातू म्हणूनच मूत्रपिंडाला त्रास देतं. इथं मधुमेहही फार आहे. त्यामुळे एखाद्याचं मूत्रपिंड नेमकं कशानं गेलं हे सांगता येत नाही, आणि घरच्यांनी विचारलं की मला गप्प बसावं लागतं. गरोदर बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात दर चारांतल्या एकीच्या शरीरात युरेनियम फार जास्त सापडलं, आणि काही तान्ह्या बाळांतही.

खाणकामगारांच्या भरपाईचा कायदा १९९० ला आला, गेल्या वर्षी जूनमध्ये त्याची मुदत संपली, या जुलैत तो पुन्हा सुरू झाला. मधल्या वर्षात जे गेले त्यांचं काय?

युरेनियमला हे लोक 'लेत्सो' म्हणतात, म्हणजे पिवळी माती. त्यांच्यात एक गोष्ट सांगतात. देवांनी माणसांपुढं दोन पिवळ्या भुकट्या ठेवल्या, एक मक्याचा पराग आणि दुसरी खडकातली. लोकांनी पराग निवडला. दुसरी जमिनीतच राहू द्या, बाहेर काढलीत तर ती साप होऊन उठेल, असं देवांनी बजावलं. आजही पूजेला परागच लागतो. आपल्याला हळद लागते ना, तसा. २००५ मध्ये त्यांनी स्वतःचा कायदा करून आपल्या भूमीत युरेनियम काढायला बंदी घातली.

आता तुझा प्रश्न. आमच्याकडं एक आजी येतात, नाव लिहीत नाही. घरापासून खाण दिसते. मी त्यांना तुझाच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "माझी नाळ मेंढवाड्यात पुरलीय. माझ्या लेकरांचीही तिथंच." मूल जन्मलं की त्याची नाळ घराजवळ पुरायची, म्हणजे ते त्या जमिनीचं होतं, अशी इथली रीत आहे. मग त्यांनी मला विचारलं, तुझी कुठं आहे? मला सांगता आलं नाही.

मी आजोळी जन्मले एवढंच ठाऊक आहे. परसात पुरली होती का गं? की गोठ्याजवळ? पुढच्या फोनला आठवून सांग, त्या आजी सोमवारी पुन्हा येणार आहेत.

दादा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
सुमन