‘वेदना’ म्हणजे दुखणे नव्हे

मा. संपादक,
स. न.

बुद्धपौर्णिमा जवळ आली की वृत्तपत्रांतून धम्मावर लेख येऊ लागतात. त्यांतल्या पाली शब्दांच्या मराठीकरणाबद्दल हे पत्र. मराठी वाचकाला हे शब्द अडत नाहीत, घरचेच वाटतात. फसगत होते ती त्यामुळेच.

पंचस्कंधच घ्या, म्हणजे माणूस ज्या पाच घटकांचा बनतो ते गट. ‘रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान’ एवढी यादी छापून लेखक पुढे सरकतो. वाचक मात्र वेदना म्हणजे दुखणे, संस्कार म्हणजे मुलांना लावायचे वळण आणि विज्ञान म्हणजे शाळेतला विषय समजतो. पालीत ‘सञ्ञा’ म्हणजे हे निळे, हे पिवळे अशी ओळख पटणे. ‘सङ्खार’ म्हणजे स्कंधांच्या संदर्भात चेतना, म्हणजे कृतीमागचा मनाचा कल. ‘विञ्ञाण’ म्हणजे डोळा, कान, नाक, जीभ, काया आणि मन या सहा दारांनी होणारी जाणीव.

सर्वाधिक नुकसान ‘वेदना’ या शब्दाचे होते. पालीत वेदना म्हणजे स्पर्श होताच उमटणारी अनुभूती. ती तीन प्रकारची : सुख, दुःख आणि अदुःख-असुख (म्हणजे तटस्थ). गार वाऱ्याच्या झुळकीने वाटणारे सुख हीसुद्धा वेदनाच. प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे दुःख कशातून कसे उपजते ते सांगणाऱ्या कारणसाखळीच्या, बारा कड्यांत ‘फस्सपच्चया वेदना, वेदनापच्चया तण्हा’ (स्पर्शामुळे वेदना, वेदनेमुळे तृष्णा) असा क्रम आहे. इथे वेदना म्हणजे दुखणे धरले, तर दुखण्यातून तृष्णा कशी उपजते हे वाचकाला उमगत नाही आणि साखळीच तुटते. सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांत, सांगितले आहे ते असे : सुखद वेदनेच्या मागे राग (म्हणजे आसक्ती, हा आणखी एक फसवा शब्द), दुःखदाच्या मागे द्वेष आणि तटस्थ वेदनेच्या मागे अविद्या दडून असते. सतिपट्ठानात (सजगतेच्या साधनेत) वेदनेवर लक्ष ठेवायला सांगतात ते यासाठी. झुळूक सुखाची वाटली एवढ्यावरच थांबता आले, तर ती हवीहवीशी होत नाही.

‘इच्छा हेच दुःखाचे मूळ’ हे वाक्य तर दर वर्षी छापून येते. दुसऱ्या आर्यसत्यातला शब्द इच्छा नाही, ‘तण्हा’ आहे. तिचे प्रकार काम (विषयसुखाची), भव (असण्याची) आणि विभव (नसण्याची). सम्यक व्यायामाच्या (योग्य प्रयत्नाच्या) व्याख्येत उलट ‘छन्दं जनेति’, म्हणजे कुशलासाठी (चांगल्या गोष्टींसाठी) इच्छा उत्पन्न करतो, असे शब्द आहेत. इच्छा सरसकट टाकायची म्हटले, तर अष्टांगिक मार्गाचे सहावे अंगच गळून पडेल.

मेत्ता (मैत्री), करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) या भावनांनंतरची ‘उपेक्खा’ मराठीत ‘उपेक्षा’ होते, आणि बुद्धांनी दुर्लक्ष करायला शिकवले असा उफराटा अर्थ निघतो. खरा अर्थ समतोल चित्त. अजाणपणातून आलेली बेफिकिरी ही या उपेक्खेची जवळची शत्रू, असे ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात भाष्यकार बुद्धघोषांनी बजावले आहे. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती संपादित केली आहे. लेखकांनी तेवढे पान तरी उघडून पाहावे.

पाचव्या शीलातला ‘पमाद’ही असाच. विहारात रोज म्हटल्या जाणाऱ्या ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना’मध्ये प्रमाद म्हणजे चूक नव्हे, गाफीलपणा. शिवाय पाचही शीलांत ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’ आहे : विरत राहण्याचा शिक्षानियम मी स्वीकारतो. त्याला ‘बुद्धाच्या पाच आज्ञा’ म्हणू नये.

उपाय अवघड नाही. शब्द पहिल्यांदा येईल तिथे पाली रूपात, अवतरणचिन्हांत छापावा आणि लगेच दोन-तीन शब्दांत अर्थ द्यावा. ‘सति’च्या (सजगतेच्या) बाबतीत मुद्रितशोधकांनाही सूचना हवी. अंत्य इकार दीर्घ करण्याच्या मराठी नियमाने त्याचे ‘सती’ होते, आणि सजगतेवरच्या लेखात भलतीच प्रथा डोकावू लागते. तिथे ‘स्मृती’ लिहिले तरी चालेल, फक्त ती आठवण नव्हे एवढे कंसात सांगावे.

– पालीचा एक अभ्यासक, नागपूर