इंग्रजीच्या शेजारपाजारच्या भाषा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. तुझ्याकडे मराठी शिकायला येणाऱ्या त्या इंग्रजीभाषक गृहस्थांनी सामान्यरूपाच्या तक्त्यावरून नजर वर करून, ‘माझ्यासारख्याला सोपी जाईल अशी एखादी परकी भाषा जगात आहे की नाही?’ असे विचारले आणि तुला चटकन उत्तर सुचले नाही, हे वाचून मला हसू आले. ‘घोडा’ या शब्दाचा ‘ला’ लागण्याआधीच ‘घोड्या’ होतो, हे पाहिल्यावर माणूस पळवाट शोधणारच. पण प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर एका ओळीत देता येत असले तरी तेवढ्यावर मी थांबणार नाही, हे तू ओळखून असशीलच.

या प्रश्नाचे सर्वांत नेटके उत्तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे आहे. त्या खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट ही संस्था १९४७ पासून राजनैतिक अधिकाऱ्यांना परकीय भाषा शिकवते, आणि कामकाजात कुठे अडू नये इतपत बोलता-वाचता येण्यास किती आठवडे लागतात याचा तिने अनुभवावरून एक कोष्टकवजा हिशेब मांडला आहे. त्यात स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज, रुमानियन, डच, नॉर्वेजियन, स्वीडिश आणि डॅनिश यांना २४ ते ३० आठवडे, म्हणजे वर्गातले ६०० ते ७५० तास पुरतात. जर्मनला ३६ आठवडे लागतात. रशियन, ग्रीक, हिंदी, बंगाली अशा बहुसंख्य भाषांना ४४ आठवडे, म्हणजे ११०० तास. आणि अरबी, मँडरिन, कँटोनीज, जपानी व कोरियन या पाच भाषांना चक्क ८८ आठवडे, म्हणजे २२०० तास. आकडे वाचून गृहस्थांना ‘सहा महिन्यांत स्पॅनिश’ असा भ्रम होऊ देऊ नकोस. आठवड्याला पंचवीस तास वर्ग, वर्गात मोजके विद्यार्थी, घरचा अभ्यास वेगळा, आणि शिकणारा त्या काळात पगार घेऊन दुसरे काहीही न करणारा, असा तो हिशेब आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर बसणाऱ्याने ६०० तासांना दोनाने भागून पाहावे.

आता या पहिल्या गटातल्या भाषा इंग्रजीभाषकाला सोप्या का, याचे कारण इंग्रजीच्या घराण्यात आहे. इंग्रजी जन्माने जर्मानिक कुळातली. डच, जर्मन आणि फ्रिजियन ही तिची सख्खी-चुलत भावंडे. त्यानंतर नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांनी तिला केवळ खिडकी, अंडे आणि सुरी यांचे शब्द दिले असे नाही, तर ‘ते’ या अर्थाचे ‘दे’ हे सर्वनामसुद्धा दिले. सर्वनाम उसने घेणे ही भाषांमध्ये क्वचित घडणारी गोष्ट आहे; शेजारी किती घट्ट असेल, याची कल्पना कर. पुढे १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालय व विद्या यांची भाषा कित्येक पिढ्या फ्रेंच-लॅटिन राहिली. परिणाम असा की आज इंग्रजी शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द फ्रेंच वा लॅटिन मुळाचे आहेत, पण रोजच्या तोंडातले छोटे शब्द, म्हणजे हात, पाणी, घर, ये, जा, मी, तू हे मात्र अजून जर्मानिकच आहेत. त्यामुळे इंग्रजीभाषकाचे नाते दोन दिशांना दोन वेगळ्या प्रकारचे आहे, आणि ‘सोपी’ या शब्दाचे अर्थही त्यामुळे दोन होतात.

हे मला पुस्तकातून कळले नाही. मी ज्या संध्याकाळच्या वर्गात स्पॅनिश शिकलो, तिथे माझ्या शेजारी एक इंग्रजीभाषक विद्यार्थी बसत असे. दुसऱ्याच महिन्यात बाईंनी आम्हाला वर्तमानपत्रातला एक अग्रलेख दिला आणि कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगितले. त्याची पेन्सिल थांबेचना. गोबिएर्नो, कोन्स्तितुसिओन, इन्फ्लासिओन, रेस्पोन्साबिलिदाद. इंग्रजीत ज्या शब्दांच्या शेवटी ‘शन’ येते तिथे ‘सिओन’ आणि ‘टी’ येते तिथे ‘दाद’, एवढी किल्ली हाती आली की शेकडो शब्द फुकटात मिळतात. मी मात्र तेच शब्द इंग्रजीच्या मध्यस्थीने ओळखत होतो, म्हणून माझी पेन्सिल थोडी मागे. पुढच्या आठवड्यात बाईंनी कोल्ह्याची एक बालकथा दिली. कोल्हा म्हणजे सोर्रो, शेपूट म्हणजे राबो, कोंबड्यांचे खुराडे म्हणजे गायिनेरो. पानभर मजकुरात त्या बिचाऱ्याच्या जेमतेम चार रेघा पडल्या, आणि महागाईवरचा अग्रलेख समजतो पण पाच वर्षांच्या मुलाची गोष्ट समजत नाही, याचा त्याला मनापासून राग आला. आपल्यापैकी कुणी बंगाली लिपी शिकून घेतली, तर तिथला अग्रलेख संस्कृत शब्दांच्या आधाराने बराचसा लावता येईल. पण त्याच घरातली आई मुलावर का रागावली आहे, ते मात्र कळायचे नाही. तोच प्रकार.

जर्मानिक बाजूला गेले की हे चित्र उलटे होते, आणि माझ्या मते रचनेच्या दृष्टीने इंग्रजीभाषकाला सर्वांत सोपी भाषा तिथेच सापडते. ती म्हणजे नॉर्वेजियन. ‘वी कान कोम्मे इ विंतेर’ हे वाक्य त्या गृहस्थांना मोठ्याने वाचून दाखव. ‘आम्ही हिवाळ्यात येऊ शकतो’ हा अर्थ त्यांना तुझ्या मदतीशिवाय लागेल, कारण शब्दही त्यांचेच आणि शब्दांचा क्रमही त्यांचाच. क्रियापद तर इंग्रजीहूनही साधे आहे. इंग्रजीत ‘असणे’ या क्रियापदाची मी, तू, तो यांच्यासाठी तीन वेगळी रूपे पाठ करावी लागतात. नॉर्वेजियनमध्ये कर्ता कोणीही असो, एकच ‘एर’ चालते, आणि हा नियम वर्तमानकाळातल्या सगळ्या क्रियापदांना लागू पडतो. अडचणी आहेतच. निश्चित अर्थ दाखवणारे उपपद नामाच्या आधी न येता शेपटासारखे मागे लागते, म्हणजे ‘बूक’ हे पुस्तक आणि ‘बूकेन’ हे ते ठरावीक पुस्तक. वाक्याची सुरुवात ‘आज’सारख्या शब्दाने झाली की क्रियापद उडी मारून कर्त्याच्या आधी येते. आणि स्वरांच्या चढउतारावर अर्थ बदलतो: शेतकरी आणि घेवड्याच्या बिया यांचे अनेकवचनी शब्द उच्चाराने सारखे, फरक फक्त सुरावटीचा. फसवे शब्दही आहेत. ‘गिफ्ट’ म्हणजे इंग्रजीभाषकाला भेटवस्तू वाटणार, पण नॉर्वेजियनमध्ये त्याचे दोन अर्थ आहेत, एक ‘विवाहित’ आणि दुसरा ‘विष’. यावर विनोद करण्याचा मोह मी आवरतो.

स्वीडिशची गोष्ट जवळपास हीच. डॅनिश कागदावर नॉर्वेजियनची जुळी बहीण दिसते, पण कानाला ती अर्धे व्यंजन गिळून बोलते, आणि तिचे आकडे हा तर स्वतंत्र विषय आहे. पन्नासला डॅनिशमध्ये ‘हाल्त्रेस’ म्हणतात, आणि त्याची मूळ फोड आहे ‘अर्धा तिसरा, गुणिले वीस’. अर्धा तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्याचा अर्धा, अर्थात अडीच. अडीच विसा पन्नास. सत्तर म्हणजे साडेतीन विसा, नव्वद म्हणजे साडेचार विसा. इंग्रजीभाषक इथे डोके धरून बसतो, कारण त्याच्याकडे अडीचला स्वतंत्र शब्दच नाही. आपला ‘अडीच’ मात्र संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे नेमक्या त्याच ‘अर्धा तिसरा’वरून आलेला आहे. हे मला पहिल्यांदा उमगले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

डच ही इंग्रजीला आणखी जवळची, पण वाक्यरचनेत ती एक कुरापत काढते: ‘मी ते पुस्तक वाचले आहे’ हे सांगताना ‘वाचले’ हा भाग वाक्याच्या टोकाला नेऊन ठेवते, आणि गौण वाक्यात तर सगळी क्रियापदे शेवटी गोळा होतात. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही. इंग्रजीभाषकाला मात्र वाक्य संपेपर्यंत श्वास रोखून धरावा लागतो. डचमधूनच दक्षिण आफ्रिकेत घडलेली आफ्रिकान्स ही भाषा पाहिलीस तर गंमत वाटेल. तिने नामांचे लिंग टाकून दिले, पुरुषानुसार बदलणारी क्रियापदांची रूपे टाकून दिली, आणि वर इंग्रजीशी साम्य असे राखले की ‘माझा हात गरम पाण्यात आहे’ हे वाक्य दोन्ही भाषांत अक्षरशः एकाच स्पेलिंगने लिहिले जाते; आफ्रिकान्सभाषक ते ‘मै हांत इस इन वारम वाटर’ असे काहीसे वाचतो, इतकाच फरक. त्या भाषेची एकच लकब लक्षात ठेवावी लागते: नकार द्यायचा तर दोनदा द्यायचा, एकदा क्रियापदानंतर आणि पुन्हा वाक्याच्या शेवटी.

जर्मन मात्र सख्खी असूनही महाग पडते, कारण जे इंग्रजीने टाकले ते तिने जपले. तीन लिंगे आणि चार विभक्ती, आणि दोहोंच्या मेळातून बदलणारी उपपदे. एकेकाळी इंग्रजीतही हे सारे होते. ‘मुलगी’ हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहे, हे ऐकून इंग्रजीभाषक हैराण होतो. ‘ते पोरगे’ आणि ‘ते कार्टे’ म्हणणाऱ्या आपण त्यावर काय आश्चर्य करणार?

रोमान्स, म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या, भाषांकडे परत येतो. स्पॅनिशचा मोठा गुण म्हणजे लिहिले तसे वाचायचे आणि स्वर पाचच, तेही स्वच्छ. ज्याने आयुष्यभर इंग्रजी स्पेलिंगचा जाच सोसला, त्याला हे सुटीवर गेल्यासारखे वाटते. पण ही भाषा सुरुवातीला हात धरून नेते आणि मध्यावर सोडते. ‘असणे’ला दोन क्रियापदे आहेत, सेर आणि एस्तार; ‘कंटाळवाणा’ हे विशेषण पहिल्यासोबत आले तर माणूस कंटाळवाणा आहे, दुसऱ्यासोबत आले तर तो कंटाळलेला आहे. माझ्या त्या शेजाऱ्याने स्वतःची ओळख करून देताना नेमके पहिले वापरले आणि ‘मी रटाळ माणूस आहे’ असे वर्गाला गंभीरपणे सांगितले. मग इच्छा, शंका, भावना यांसाठी क्रियापदाची वेगळीच रूपे येतात, आणि सहा महिने मजेत चाललेला विद्यार्थी तिथे अडखळतो. फ्रेंचचे उलट आहे. शब्दांची ओळख सर्वांत जास्त, पण कान आणि डोळा यांची फारकतही तितकीच. ‘पक्षी’ या अर्थाचा शब्द सहा अक्षरांत लिहितात आणि उच्चारतात ‘वाझो’. नव्व्याण्णवला ‘चार विसा एकोणीस’ म्हणतात, ते निराळेच. वाचणाऱ्याला फ्रेंच सोपी, ऐकणाऱ्याला नव्हे. इटालियन आणि पोर्तुगीजविषयी वेगळे सांगण्यासारखे थोडे आहे. पोर्तुगीज कानाला स्पॅनिशहून बरीच अवघड, एवढे पुरे.

नाते नसेल तर नुसते सोपे व्याकरण फारसे कामी येत नाही, याचा पुरावा म्हणजे इंडोनेशियन. रोमन लिपी, लिंग नाही, क्रियापदाला काळ नाही, आणि अनेकवचन करायचे तर शब्द दोनदा म्हणायचा: बुकु म्हणजे पुस्तक, बुकु-बुकु म्हणजे पुस्तके. तरीही त्या कोष्टकात तिला ३६ आठवडे आहेत, कारण जवळजवळ प्रत्येक शब्द नव्याने पाठ करावा लागतो. त्यांच्या भाषेत भाषेला ‘बाहासा’ म्हणतात, यात आपल्याला ‘भाषा’ ऐकू येते. इंग्रजीभाषकाला काहीच ऐकू येत नाही. कोरियनची लिपी तर १४४६ मध्ये सामान्य लोकांना चटकन शिकता यावी म्हणूनच जाहीर केली गेली आणि ती खरोखरच थोड्या दिवसांत येते, पण भाषा ८८ आठवड्यांच्याच गटात राहते.

तेव्हा माझे उत्तर असे. गृहस्थांना कमीत कमी श्रमात एखादी भाषा जमल्याचा आनंद हवा असेल तर नॉर्वेजियन. मात्र त्यांना आधी एक गोष्ट सांगून ठेव: तिचे भाषक अवघे पन्नास लाखांच्या आसपास आहेत, बहुतेकांचे इंग्रजी उत्तम असते, आणि समोरचा अडखळतो आहे असे दिसले की ते सौजन्याने इंग्रजीत बोलू लागतात. सोप्या भाषेची ही अडचण कोणत्याच कोष्टकात सापडत नाही. स्पॅनिश रचनेने तिच्याहून कठीण आहे, पण पन्नास कोटींच्या घरात लोक ती मातृभाषा म्हणून बोलतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना तुमच्याशी स्पॅनिशमध्येच बोलायचे असते. म्हणून रोज वापरायची असेल तर मी तीच सुचवीन. कोणतीही घेतली तरी पहिल्या महिन्यात वाचण्यापेक्षा ऐकण्याला जास्त वेळ द्यायला सांग, कारण ओळखीचे शब्द डोळ्याला लगेच दिसतात आणि आपल्याला भाषा येऊ लागली असे उगाच वाटते.

आणि त्यांनी हट्टाने डॅनिशच निवडली, तर मराठीचा वर्ग सोडण्याआधी त्यांच्याकडून अडीच आणि साडेतीनचे पाढे तेवढे म्हणवून घे.

तुझा मित्र