भाकितामागची गृहीतके

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

अर्थव्यवस्थेच्या भवितव्याविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, ते बहुधा एकाच आकड्याभोवती फिरते: पुढील वर्षी वाढीचा दर किती राहील. हा आकडा निरुपयोगी नसतो. परंतु पगारी नोकरी, कर्जावर चालणारी गुंतवणूक आणि सतत वाढता उपभोग ही आजची रचना अशीच टिकेल, असे तो न बोलता गृहीत धरतो.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी 1930 मध्ये लिहिले होते की, शंभर वर्षांत प्रगत देशांतील राहणीमान चार ते आठ पटींनी उंचावेल आणि माणसाला आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेल. पहिले भाकीत बरेचसे खरे ठरले, दुसरे साफ फसले. मूलभूत गरजा भागल्या की माणूस काम कमी करील, हे गृहीतक टिकले नाही; आणि वाढीव उत्पन्न कोणाच्या पदरात पडेल, या प्रश्नाकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही.

भविष्याभ्यास, म्हणजे एकच भाकीत न करता भविष्याच्या अनेक शक्यता तपासणारी ज्ञानशाखा; तिच्या पद्धती अशी गृहीतकेच उघड्यावर आणतात. या शाखेतील अभ्यासक जिम डेटर यांनी भविष्याविषयीच्या कल्पनांचे चार साचे सांगितले: चालू वाढ, पडझड, मर्यादांची शिस्त आणि मुळापासून रूपांतर. (आपली चर्चा पहिल्यावरच अडते, दुसरा मंदी आली की आठवतो.) याच शाखेतील सोहेल इनायतुल्ला यांची स्तरनिहाय मीमांसा बातम्यांखालची व्यवस्था, तिच्याखालची जीवनदृष्टी आणि अगदी तळाशी असलेली रूपके तपासते. अर्थव्यवस्थेला इंजिन म्हटले की प्रश्न फक्त वेगाचा उरतो. शेत म्हटले, तर जमिनीच्या कसाचाही हिशेब ठेवावा लागतो.

सर्वांत शिकण्याजोगा प्रयोग दक्षिण आफ्रिकेतला. वर्णभेदी राजवट मावळत असताना, 1991-92 मध्ये, राजकीय पक्ष, कामगार संघटना, उद्योग आणि विद्यापीठे यांतील 22 जण केपटाउनजवळच्या मॉन्ट फ्लर येथे एकत्र बसले आणि त्यांनी चार भविष्यचित्रे रेखाटली. त्यांतील 'इकारस' (ग्रीक पुराणकथेत सूर्याच्या फार जवळ उडून कोसळलेला तरुण) या चित्रात नवे सरकार खर्चाचा सपाटा लावते, काही वर्षे भरभराट दिसते आणि मग सारा डोलारा कोसळतो. ते रेखाटणाऱ्यांत डाव्या विचारांचे लोकही असल्याने विरोधकांचा अपप्रचार म्हणून ते झटकून टाकणे अवघड होते. थव्याने, सावकाश पण एकत्र उडणाऱ्या रोहित पक्ष्यांचे चौथे चित्र मात्र प्रत्यक्षात पुरतेपणी उतरले नाही. त्या देशातील विषमता आजही जगातील सर्वाधिक विषमतांत मोडते. म्हणून या पद्धतींकडून चमत्काराची अपेक्षा मी करीत नाही.

माझी विनंती मर्यादित आहे. पुढील वेळी विकासदराचे भाकीत छापताना, ते कोणत्या गृहीतकांवर उभे आहे आणि ती ढासळल्यास काय घडू शकते, हेही शेजारच्या चौकटीत द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक