तुझ्या पोरीच्या जेवणाबद्दल

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर आपण बोलत होतो तेव्हा मागून वहिनींचा आवाज येत होता, “एवढा एकच घास, मग कार्टून लावते.” तू म्हणालास, पोरगी चार वर्षांची झाली तरी मोबाईल समोर धरल्याशिवाय तोंड उघडत नाही, एकेका जेवणाला दीड तास जातो आणि शेवटी घरातले सगळेच रडकुंडीला येतात. तेवढ्यात तुझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं आणि बोलणं तिथंच राहिलं. माझ्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही. आज शाळेला सुट्टी आहे, शिवारात भाताची कापणी चालू आहे, घरात मी एकटाच. म्हणून निवांत लिहायला बसलोय.

माझ्या थोरलीचं एक तुला कधी सांगितलं नव्हतं. ती तीन वर्षांची असताना तिचं वजन भरत नाही असं मनानंच ठरवून मी अंड्याच्या मागे लागलो. रोज सकाळी एक उकडलेलं अंडं. ती पांढरं खायची आणि पिवळं थुंकायची. एके दिवशी मी तिला मांडीवर आडवी घेतली, गाल दाबून तोंड उघडलं आणि बलक आत घातला. तिनं तो गिळला नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, डोळ्यांतून पाणी चाललेलं. मग सगळं माझ्या शर्टावर ओकली. आई सोप्यात तांदूळ पाखडत बसली होती. सूप खाली ठेवून ती उठली, पोरीला उचलून घेतलं आणि म्हणाली, “पोरगी आहे ती, पोतं नव्हे कोंबायला. भूक लागली की खातंय पोर.” त्यानंतर दोन वर्षं घरात अंडं फोडलं की थोरली उठून परड्यात जाऊन बसायची. तिचं ते तोंड मला अजून दिसतं. तुझ्या घरात तसं होऊ नये, म्हणूनच हे सगळं लिहितोय.

उलटं काय घडतं ते मी रोज दुपारी शाळेत बघतो. अक्षर दासोहाचं, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या शाळांत दुपारी मिळणारं जेवण तुला माहीत आहेच. व्हरांड्यात दोन रांगा, समोर ताटं, भात आणि वर सांबार. त्यात भोपळा, बीन्स, गाजर, कधी शेवग्याच्या शेंगा. पहिलीतल्या एका मुलाची आई मला वाटेत भेटली. म्हणाली, “गुरुजी, घरात भोपळा दिसला की ताट ढकलतोय, आणि शाळेत दोनदा मागून घेतोय म्हणे. काय घालता त्यात?” काही घालत नाही. स्वयंपाकाच्या मावशींना प्रत्येकाच्या मागे लागायला वेळच नसतो. पोरगं सकाळपासून खेळून आलेलं असतं, दोन्ही बाजूंची पोरं मन लावून जेवत असतात, आणि त्याच्या तोंडाकडे कोणी डोळे लावून बसलेलं नसतं. भोपळा तोच, भूक खरी. २०१३ साली शाळेत क्षीरभाग्य या सरकारी योजनेचं दूध सुरू झालं तेव्हाही हेच पाहिलं. घरी दुधाला नाक मुरडणारी पोरं रांगेत पेला घेऊन उभी राहिली.

अमेरिकेत एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ बाई आहेत. त्यांनी जेवणाच्या कामाची एक वाटणी सांगितली आहे. काय रांधायचं, किती वाजता आणि कुठं बसून जेवायचं, हे आईबापांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलानं ठरवायचं. वाचलं तेव्हा मला आईचं ते वाक्यच आठवलं. आपलं चुकतं ते इथंच. आपण त्यांचं काम हातात घेतो आणि आपलं त्यांच्यावर सोडतो. “काय खाणार गं? मॅगी करू? डोसा करू?” असं चार वर्षांच्या मुलीला विचारायचं, आणि पोट भरलं का हे मात्र आपण सांगायचं!

आणि ती खरंच कमी खाते का, हे एकदा नीट बघ. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं. पुढं दोन ते पाच वर्षांत ते वर्षाला साधारण दोन किलोनंच वाढतं. मग भूक तेवढी कशी लागेल? अंगणवाडीच्या कार्डावर तिच्या वजनाची रेघ वर चढत असेल, पोर दिवसभर पळत असेल, तर निर्धास्त राहा. रेघ आडवी झाली, ती सारखी दमत असेल, चेहरा फिका वाटत असेल किंवा माती, खडू खात असेल, तर मात्र थेट डॉक्टरांकडे ने आणि रक्त तपासून घे. देशाच्या २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या ६७ मुलांना रक्तक्षय दिसला होता. त्याला ‘खाईल हळूहळू’ म्हणून चालत नाही.

आता तू सांगितलेला तिचा दिवस. सकाळी पावडर घातलेलं दूध, दहाला बिस्किटं, बाराला पुन्हा दूध, आणि एक वाजता ताट. अरे, जागा कुठं राहिली? दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि पोट मात्र गच्च भरतं. दोन पेल्यांवर दूध नको, आणि जेवणाच्या आधी दोन तास पाण्याशिवाय काही नको. चहाचं काकूंशी तुलाच बोलावं लागेल. बशीतला घोटभर चहा आणि त्यात बुडवलेला बेकरीतला कडक बटर ही आजीची माया आहे, मला कळतं. पण चहानं अन्नातलं लोह अंगाला लागत नाही. काकूंना ‘देऊ नका’ म्हणू नकोस, त्यांना वाईट वाटेल. त्याऐवजी त्यांच्या हाती दुसरं काही दे. संध्याकाळी रताळं उकडून सोलून देणं त्यांच्याकडे सोपव. सध्या इकडची रताळी निघताहेत, एक पिशवी पाठवतो.

बाहेरचं भारी काही आणायची गरज नाही. नाचण्याची आंबील घ्या. १०० ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. जोंधळ्याची भाकरी, आपला मसूर, वर लिंबाची फोड. लिंबामुळं डाळीतलं लोह चांगलं लागतं. शेंगदाण्याची चटणी चालेल, अख्खे दाणे मात्र एवढ्या लहान पोरीला नकोत, श्वासनलिकेत अडकतात. एवढं सांभाळलं की बाकी जे घरात सगळ्यांना, तेच तिला. तिच्यासाठी वेगळी चूल मांडायची नाही. ताटात एक तरी गोष्ट तिला आवडणारी असू दे, भात असेल, दही असेल, आणि नवीन भाजी चिमूटभर, न बोलता वाढ. पहिल्यांदा ती बघेल, मग बोट लावेल, एखादे दिवशी चाटून ठेवून देईल. एखाद्या भाजीशी ओळख व्हायला दहा-पंधरा वेळा ती समोर यावी लागते. आपण तिसऱ्याच दिवशी ‘तिला दोडका आवडत नाही’ म्हणून शिक्का मारतो, आणि तिच्यासमोरच मारतो. मग तीही तेच म्हणू लागते.

कुंद्याबद्दल, आपल्या बेळगावच्या त्या दुधाच्या मिठाईबद्दल, तू विचारलंस. बंदी घालू नकोस. सणावाराला, पाहुणे आले की सगळ्यांबरोबर तिलाही मिळू दे. फक्त ‘भाजी संपव, मग कुंदा’ हे बंद कर. त्यानं भाजी शिक्षा होते आणि कुंदा बक्षीस. दुकानातल्या त्या कुरकुरीत पुड्यांची माळ मात्र काढ. समोर टांगलेल्या पुड्या दिवसभर बघायच्या आणि मागायच्या नाहीत, हे चार वर्षांच्या जिवाला कसं जमावं?

मोबाईलचं सगळ्यात अवघड, ते मी अनुभवानं सांगतो. धाकट्याचा बंद केला तेव्हा पहिल्या दिवशी तो जेवलाच नाही. दुसऱ्या दिवशी चार घास. बायको रात्री रडली, मीही झोपलो नाही. पण आम्ही दोघांनी आपापले फोनही कपाटात ठेवले होते आणि आईसुद्धा आमच्या बाजूनं होती. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं, रागावायचं नाही, पुढची वेळ होईपर्यंत काही द्यायचं नाही. आठवड्यानं त्यानं माझ्या ताटातला मेथीच्या भाजीचा एक देठ उचलला, दाताखाली धरला, तोंड वाकडं केलं आणि तरी खाल्ला. मी भिंतीकडे बघत जेवत राहिलो. काही बोललो असतो तर त्यानं तो टाकून दिला असता. तुलाही तो आठवडा काढावा लागेल. वहिनींना एकटीला त्यात सोडू नकोस. दुपारी तासभर शटर ओढ आणि त्यांच्याबरोबर पंगतीला बस.

थोरलीचं काय झालं, तर मागच्या महिन्यात शाळेतून आल्यावर तिनं स्वतःहून आजीला विचारलं, “आज्जी, अंड्याची पोळी कशी करतात?” आईनं तिला स्टुलावर उभं करून कांदा चिरायला दिला. मी बाहेरच थांबलो. पोळी तिनं अर्धी खाल्ली.

जानेवारीत तिघं इकडे या, काकूंनाही घेऊन या. भात निघाल्यावर इथल्या जवळच्या येळ्ळूर-धामणे गावांच्या काळ्या शिवारात मसूर आणि वाटाणा टाकतात, तेव्हा शेंगा भरलेल्या असतील. पोरीला बांधावर सोडू. तिला शेंगा स्वतः तोडू दे, सोलू दे, जमिनीवर सांडू दे. तिच्या हातून मात्र काढून घेऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, काकूंना दंडवत, पोरीला गोड पापा. वजनाचं कार्ड बघितलंस की लगेच कळव.

तुझाच,
बेळगावचा मित्र